शांघायमधील पांच तास

लांबच्या विमानप्रवासांत पुष्कळदां असें घडतें कीं, एक विमान आपणांस सकाळीं एखाद्या परक्या शहरीं उतरवितें आणि पुढचें विमान संध्याकाळीं सुटतें. हा मधला वेळ बहुतेक प्रवासी बांकावर झोप काढून किंवा दुकानांच्या कांचा न्याहाळून घालवितात. कांहीं उत्साही लोक शहराकडे धांव घेतात आणि दहा प्रेक्षणीय स्थळांची यादी हातांत धरून प्रत्येक ठिकाणीं दहा मिनिटें उभे राहतात. पहिल्यांच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. दुसऱ्यांच्या पदरीं छायाचित्रें पडतात, पण तीं कशाचीं हें त्यांस महिन्याभरानें सांगतां येत नाहीं. थोड्या वेळांत मोठें शहर पाहावयाचें असेल, तर मनांत एकच प्रश्न धरावा आणि त्याचें उत्तर जेथें मिळण्याजोगें असेल तेथेंच जावें. प्रस्तुत लेखांत चीनमधील शांघाय शहर ह्या रीतीनें कसें पाहतां येईल, ह्याचा विचार करावयाचा आहे. आपला प्रश्न साधा आहे : ह्या शहराची संपत्ति कोठून आली? प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग मुंबईंत सांपडतो, हें वाचकांस पुढें दिसून येईल.

प्रथम नकाशा पुढें घ्यावा. शांघाय हें सुमारें 31 अंश उत्तर अक्षांशावर व 121 अंश पूर्व रेखांशावर, यांगत्से ह्या महानदीच्या मुखाशीं वसलें आहे. ‘शांग’ म्हणजे वर आणि ‘हाय’ म्हणजे समुद्र; समुद्रालगतचें गांव, असा नांवाचा अर्थ घेतां येतो. शहरांतून वाहणारी नदी मात्र यांगत्से नव्हे. ती ह्वांगपू नांवाची तिची उपनदी होय, आणि ती वळणें घेत वूसोंग येथें यांगत्सेस मिळते. ह्वांगपूच्या पश्चिमेकडील भागास ‘पूशी’ व पूर्वेकडील भागास ‘पूदोंग’ असें म्हणतात; ‘शी’ म्हणजे पश्चिम आणि ‘दोंग’ म्हणजे पूर्व. इतकें ध्यानांत ठेवलें म्हणजे वाट चुकण्याचें भय पुष्कळ कमी होतें. 2020 सालच्या खानेसुमारींत येथील लोकसंख्या 2 कोटि 48 लक्षांवर भरली. सर्व चीन देशांत एकच प्रमाणवेळ चालते व ती भारताच्या वेळेपेक्षां अडीच तासांनीं पुढें आहे. विमानांतून उतरतांच घड्याळाचे कांटे पुढें करावे. ज्याला परतीचें विमान गांठावयाचें आहे त्याला ही गोष्ट क्षुल्लक नाहीं.

आतां वेळेचा हिशेब मांडूं. समजा, विमान सकाळीं 7 वाजतां पूदोंगच्या विमानतळावर उतरलें आणि पुढचें विमान संध्याकाळीं 7 वाजतां निघावयाचें आहे. हातांत बारा तास आहेत असें वाटतें; पण उतरणें, कागदपत्रांची तपासणी व बाहेर पडणें ह्यांत दीड तास सहज जातो. पुढचें विमान सुटण्यापूर्वीं तीन तास तरी परत आलें पाहिजे. शहरांत जाण्यास सव्वा तास व येण्यास सव्वा तास धरावा. बारांतून सात वजा जातां पांच उरतात. आपले खरे शांघाय दर्शन ह्या पांच तासांचें. हा हिशेब विमानांत बसल्या बसल्या कागदावर मांडलेला बरा.

परवान्याची गोष्टही आधींच समजून घ्यावी. चीनमार्गे तिसऱ्या देशास जाणाऱ्या प्रवाशाचें पुढचें तिकीट चोवीस तासांच्या आंतील असेल, तर व्हिसावांचून थांबण्याची सवलत सर्वसाधारणपणें मिळते. मात्र विमानतळाबाहेर पाऊल टाकावयाचें असल्यास सरहद्दीवरील अधिकाऱ्यांकडून तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. ‘तिसरा देश’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुंबईहून शांघायमार्गे जपानला जाणारा प्रवासी ह्या सवलतींत बसतो. मुंबईहून शांघायला जाऊन मुंबईसच परतणारा बसत नाहीं. 2024 च्या डिसेंबरांत 240 तासांची जी मोठी सवलत जाहीर झाली, ती ठराविक देशांच्या नागरिकांपुरती होती व त्या यादींत भारताचें नांव नव्हतें. असे नियम वरचेवर बदलतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीं वकिलातीकडे व विमान कंपनीकडे चौकशी करावी. भारत आणि चीन ह्यांमधील थेट विमानें 2020 पासून बंद होतीं, तीं 2025 च्या ऑक्टोबरांत पुन्हां सुरूं झालीं. तेव्हां हा विषय आतां केवळ पुस्तकी राहिलेला नाहीं.

विमानतळावरून शहराच्या कडेपर्यंत जी चुंबकीय गाडी जाते, ती ह्या सहलींतील पहिली पाहण्याजोगी वस्तु होय. ही जर्मन विद्येची गाडी 2004 सालापासून नियमितपणें चालूं आहे. ती रुळांवरून चाकांनीं धांवत नाहीं. गाडीचे दोन्ही बाजूंचे खालचे भाग मार्गास कडेनें कवटाळून त्याच्या पोटाखालीं वळलेले असतात व त्यांत विद्युच्चुंबक बसविलेले असतात. हे चुंबक मार्गाच्या खालच्या अंगास असलेल्या लोखंडाकडे वर ओढले जातात आणि त्यांच्याबरोबर सबंध गाडी उचलली जाते. ओढ अधिक झाली तर चुंबक लोखंडास चिकटेल, कमी झाली तर गाडी खालीं बसेल. म्हणून दोहोंमधील सुमारें 10 मिलिमीटरांचें अंतर सारखें मोजून विजेचा प्रवाह क्षणोक्षणीं कमीजास्त केला जातो. पुढें नेण्याचें काम मार्गांत बसविलेलीं तारांचीं वेटोळीं करतात. विजेची गोल मोटर उलगडून जमिनीवर सरळ पसरावी, तसा हा प्रकार आहे. पूर्वी ही गाडी तासाला 431 किलोमीटर ह्या वेगानें जात असे. 2021 पासून तिचा वेग 300 वर ठेवला आहे. तरीही 30 किलोमीटरांचा पल्ला ती सुमारें आठ मिनिटांत कापते. शाळेच्या प्रयोगशाळेंत खिळ्याभोंवतीं तार गुंडाळून ज्यानें टांचण्या उचलल्या आहेत, त्याला हें गारूड वाटावयास नको. गाडी लोंगयांग रोड येथें थांबते. तेथून मेट्रोच्या क्रमांक 2 च्या मार्गानें पूर्व नानजिंग रस्त्याच्या स्थानकावर जावें, व तेथें क्रमांक 10 ची गाडी धरून एकच स्थानक पुढें, यूयुआन येथें उतरावें.

हा शांघायचा जुना गांव. आपल्या प्रश्नाचें पहिलें उत्तर येथें मिळतें, आणि तें म्हणजे कापूस. तेराव्या शतकाच्या अखेरीस ह्वांग दाओपो नांवाची एक स्त्री हायनान बेटावर राहून सरकी काढण्याची, कापूस पिंजण्याची, सूत कांतण्याची व विणण्याची सुधारलेली रीत शिकून आली आणि ती तिनें ह्या परगण्यांतील लोकांस शिकविली, असें चिनी परंपरा सांगते. पुढें मिंग राजांच्या काळीं हा प्रदेश सुती कापडासाठीं प्रसिद्धीस आला. गांवांत पैसा आला, आणि पैशामागोमाग समुद्रावरील लुटारूही आले. त्यांच्या भयानें 1553 सालीं गांवाभोंवतीं तट उभारण्यांत आला. तो तट 1912 सालीं पाडण्यास सुरुवात झाली. आज त्याच्या जागीं गोलाकार रस्ता आहे. नकाशावर तो वर्तुळाकार रस्ता सांपडला म्हणजे जुना गांव सांपडला असें समजावें.

तटाच्या आंत पान युनदुआन ह्या सरकारी अंमलदारानें आपल्या वृद्ध पित्याच्या सुखासाठीं यूयुआन हें उद्यान करविलें. 1559 त काम आरंभिलें व 1577 त पुरें झालें. उद्यानाचें क्षेत्र फक्त सुमारें दोन हेक्टर. तथापि भिंती, वाटा, तळीं, खडक आणि मंडप ह्यांची योजना अशी आहे कीं, एका दृष्टिक्षेपांत सर्व कधींच दिसत नाहीं, आणि त्यामुळें लहान जागा मोठी भासते. भिंतींच्या माथ्यावर कौलांचे खवले असलेले नाग लांब पसरलेले दिसतात. एका ठिकाणीं तीन मीटरांहून उंच, छिद्रांनीं भरलेला एक खडक उभा आहे. त्याच्या डोक्यावर पाणी ओतल्यास तें सर्व छिद्रांतून झरूं लागतें असें म्हणतात. उद्यानाबाहेरील तळ्यावर नागमोडी पूल आहे व मध्यभागीं चहाघर आहे. भुतांना सरळ रेषेंतच चालतां येतें, म्हणून पुलास वांकणें दिलीं, अशी लोकांची समजूत आहे. येथें वाफेवर शिजविलेल्या लहान पोटळ्या खावयास मिळतात. त्यांच्या तोंडाशीं घातलेल्या चुण्या पाहून आपल्या उकडीच्या मोदकांची आठवण व्हावी. आंत बहुधा डुकराचें मांस व कढत रस असतो. शाकाहारी मनुष्यानें आधीं विचारून घ्यावें, आणि मांसाहारी मनुष्यानेंही जीभ सांभाळावी.

ह्या शांत जागेसही इतिहासाचा धक्का चुकला नाहीं. 1842 च्या जून महिन्यांत ब्रिटिश फौज शांघायांत शिरली. त्या मोहिमेंत हिंदी शिपाईही होते. तें युद्ध कशासाठीं झालें, हें समजण्याकरितां येथून उत्तरपूर्वेस पंधरावीस मिनिटें चालत नदीकाठीं जावें.

ह्वांगपूच्या पश्चिम तीरावरील हा भव्य रस्ता इंग्रजी भाषेंत ‘बंड’ ह्या नांवानें जगभर प्रसिद्ध आहे. चिनी लोक त्यास ‘वाइतान’, म्हणजे बाहेरचा किनारा, म्हणतात. ‘बंड’ हा शब्द चिनी नव्हे, आणि मुळांत इंग्रजीही नव्हे. पाण्यास घातलेला बंद किंवा बांध, ह्या अर्थाचा तो शब्द इंग्रजांनीं हिंदुस्थानांत उचलला व आपल्याबरोबर पूर्वेकडे नेला. पुण्याच्या बंड गार्डनमधील ‘बंड’ तोच. शब्दांबरोबर माणसें व मालही गेला होता. तो माल म्हणजे आपल्या प्रश्नाचें दुसरें उत्तर.

अठराव्या शतकापासून इंग्रज लोक चीनचा चहा व रेशीम मोठ्या प्रमाणावर घेत. बदल्यांत चिनी लोकांस रुपें द्यावें लागे. हें रुपें वांचविण्याचें साधन त्यांस हिंदुस्थानांत सांपडलें. पाटणा व बनारस ह्या बाजूची अफू कलकत्त्याहून, आणि माळव्याची अफू मुंबईहून चीनकडे जाऊं लागली. चीनच्या बादशहाची तिला बंदी होती, तरी ती चोरून किनाऱ्यास लागे. 1839 सालीं लिन झशू ह्या अंमलदारानें वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून कँटनजवळ नष्ट केल्या. त्यावरून युद्ध पेटलें, चीन हरला आणि 29 ऑगस्ट 1842 रोजीं नानजिंगचा तह झाला. हाँगकाँग इंग्रजांस मिळालें, दोन कोटि दहा लक्ष रुप्याच्या डॉलरांचा दंड बसला, आणि पांच बंदरें परदेशी व्यापारास खुलीं झालीं. त्यांत शांघाय एक होतें. हा तह ज्या युद्धनौकेवर झाला तिचें नांव कॉर्नवॉलिस. ही चौऱ्याहत्तर तोफांची सागवानी नौका 1813 सालीं मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया ह्या पारशी कारागिराच्या देखरेखीखालीं तयार झाली होती. मुंबईच्या सुतारांनीं आपलें काम उत्तम केलें होतें. त्या कामाचा उपयोग कोठें होणार, हें त्यांस कोणीं विचारलें नव्हतें.

हें मनांत ठेवून आतां दक्षिणेकडून उत्तरेकडे सावकाश चालावें. इमारतींवर क्रमांक आहेत. 12 क्रमांकाची घुमटाची इमारत 1923 सालीं हाँगकाँग व शांघाय बँकेनें बांधिली. तिच्या घुमटाच्या आंतल्या अंगास रंगीत तुकड्यांच्या नक्षींत जगांतील आठ व्यापारी शहरें काढलेलीं आहेत. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क ह्यांच्या पंक्तीस तेथें कलकत्ताही बसलेलें आहे. शेजारीं, क्रमांक 13, उंच घड्याळाचें 1927 सालचें जकातघर आहे. पुढें नानजिंग रस्त्याच्या कोपऱ्यावर, क्रमांक 20, हिरव्या शंकूच्या शिखराची इमारत दिसते. ती 1929 सालीं व्हिक्टर ससून ह्यांनीं बांधिली. आज तेथें पीस हॉटेल आहे. ससून हें नांव ऐकतांच महाराष्ट्रांतील वाचक थबकेल, आणि त्यानें थबकावेंच. बगदादहून येऊन मुंबईंत स्थायिक झालेल्या डेव्हिड ससून ह्यांच्या पेढीचा अफू, कापूस व सूत ह्यांचा व्यापार चीनपर्यंत पसरला होता. पुण्याचें ससून रुग्णालय, मुंबईचें डेव्हिड ससून ग्रंथालय आणि कुलाब्याची ससून गोदी हीं त्याच घराण्याचीं नांवें धारण करतात. आणखी उत्तरेस क्रमांक 27 ही जार्डिन मॅथेसन कंपनीची जुनी इमारत आहे. ह्या कंपनीचे संस्थापक विल्यम जार्डिन हे मूळचे जहाजावरील डॉक्टर. 1805 सालीं फ्रेंचांनीं पकडलेल्या एका जहाजावर त्यांची व जमशेटजी जिजीभाई ह्यांची गांठ पडली, आणि पुढें दोघांचा चीनच्या व्यापारांत दीर्घ काळ संबंध राहिला. त्या व्यापारांत कापूस होता, तशी अफूही होती. त्याच जमशेटजींच्या देणगींतून मुंबईचें जे. जे. रुग्णालय उभें राहिलें.

येथें तरुण वाचकाच्या मनांत गोंधळ होणें स्वाभाविक आहे. ज्या पैशानें चीनमधील असंख्य माणसें व्यसनांत बुडालीं, त्यांतलाच कांहीं पैसा मुंबईपुण्याच्या गोरगरिबांच्या औषधपाण्यास लागला. दानामुळें व्यापाराचा दोष धुऊन निघत नाहीं, आणि दोषामुळें रुग्णालयांत बरा झालेला रोगी पुन्हां आजारी पडत नाहीं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, व दोन्ही एकाच वेळीं ध्यानांत ठेवणें हेंच इतिहासाच्या अभ्यासांतील कठीण काम आहे. पीस हॉटेलच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, पूर्वी पॅलेस हॉटेल असलेली तांबड्यापांढऱ्या विटांची इमारत आहे. तेथें 1909 च्या फेब्रुवारींत तेरा देशांचे प्रतिनिधि अफूच्या प्रश्नाचा विचार करण्यास प्रथमच एकत्र बसले. त्यापूर्वीं 1907 सालीं ब्रिटन व चीन ह्यांनीं ही निर्यात क्रमाक्रमानें कमी करण्याचा करार केला होता, आणि 1913 सालीं हिंदुस्थानांतून चीनकडे अफू पाठविणें बंद झालें. ज्या रस्त्याच्या एका कोपऱ्यावर अफूच्या पैशाचें घर उभें राहिलें, त्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर तिच्या निर्बंधाची चर्चा झाली, हें पाहून ठेवावें.

मुंबईचा संबंध अफूबरोबर संपला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गिरणगांवांत निघालेलें सूत मोठ्या प्रमाणावर चीनच्या बाजारांत खपत असे. 1895 नंतर परदेशी लोकांस चीनच्या बंदरांत कारखाने काढण्याची मोकळीक मिळाली, आणि शांघायांतही गिरण्यांचे भोंगे वाजूं लागले. ज्या गांवानें एके काळीं हातमागावर कापड विणून तट बांधला, तेथें आतां वाफेचें यंत्र सूत काढूं लागलें. परकीयांच्या वसाहतींत पहारा करण्यास 1880 नंतरच्या दशकांत शीख पोलीसही आणले गेले. अशा रीतीनें नौका, अफू, सूत व शिपाई, ह्या सर्व रूपांनीं हिंदुस्थान ह्या किनाऱ्यावर हजर होता. निर्णय करणारा मात्र तो नव्हता.

आतां नदीकडे तोंड करून उभें राहावें. पलीकडे पूदोंग. 1990 सालापर्यंत तेथें शेतें, वखारी, जहाजांचे कारखाने व साधी वस्ती होती. त्या वर्षीं सरकारनें पूदोंगच्या विकासाची योजना जाहीर केली. 1994 सालीं 468 मीटरांचा दूरदर्शनचा मनोरा पुरा झाला. 1999 सालीं जिनमाव, 2008 सालीं 492 मीटरांची वित्तकेंद्राची इमारत, आणि 2015 सालीं 632 मीटर उंचीचा, 128 मजल्यांचा शांघाय टॉवर उभा राहिला. हा शेवटचा मनोरा वर जातां जातां स्वतःभोंवतीं पिळलेला आहे. अशा आकारानें वाऱ्याचा जोर कमी होतो. मेट्रोच्या क्रमांक 2 च्या मार्गानें नदीखालून एकच स्थानक गेलें म्हणजे लुच्याझुई येथें ह्या मनोऱ्यांच्या पायथ्याशीं येतां येतें, आणि तीच गाडी पुढें परतीच्या वाटेवर लागते.

आपल्या प्रश्नाचें तिसरें उत्तर मात्र ह्या मनोऱ्यांत पुरतें दिसत नाहीं. ह्वांगपू नदी आजच्या प्रचंड जहाजांस उथळ पडते. म्हणून समुद्रांतील यांगशान बेटांवर नवें बंदर करून तें 2005 सालीं सुमारें 32 किलोमीटरांच्या पुलानें जमिनीस जोडण्यांत आलें. 2010 पासून डबेबंद मालाच्या उलाढालींत शांघाय जगांत पहिलें आहे, आणि 2024 सालीं ह्या बंदरानें पांच कोटींहून अधिक प्रमाण डबे हाताळले. कारखान्यांचा माल, त्याची वाहतूक आणि त्यावर चालणारी पैशाची देवघेव, हें आजचें उत्तर होय. दोन तीरांमधील फरकही लक्षांत घेण्याजोगा आहे. पश्चिम तीरावरील इमारती परक्यांनीं आपल्या नफ्यासाठीं बांधिल्या. पूर्व तीरावरच्या येथील राज्यकर्त्यांनीं आपल्या योजनेनें उभारल्या. ह्या दुसऱ्या संपत्तींत कामगाराच्या वांट्यास काय आलें, हा प्रश्न मात्र दोन्ही तीरांस सारखाच विचारावा लागतो.

पांच तास संपत आले. ह्यांत पुष्कळ कांहीं सुटलें, हें कबूल. शूच्याह्वेई भागांत श्यू क्वांगछी ह्या विद्वान मंत्र्याची समाधि आहे. त्यांनीं मात्तेओ रिच्ची ह्यांच्याबरोबर युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग 1607 सालीं चिनी भाषेंत आणले. त्या वेळीं योजलेला भूमितीचा चिनी शब्द आजही तेथील शाळांत चालतो. ती समाधि, संग्रहालयांतील प्राचीन कांस्यपात्रें, जुन्या गल्ल्या, हें सर्व दुसऱ्या वेळीं, दुसऱ्या प्रश्नाबरोबर पाहावें. घड्याळांत पावणेतीन वाजले कीं, कितीही मोह झाला तरी लोंगयांग रोडची वाट धरावी.

ज्या विद्यार्थ्यांस शांघायला जाण्याचा योग लवकर येण्याजोगा नाहीं, त्यांनीं निराश होऊं नये. हाच अभ्यास घरूनही करतां येतो. सुट्टींत मुंबईच्या ससून गोदीवर, पुण्याच्या बंड गार्डनमध्यें किंवा आपल्या गांवच्या एखाद्या जुन्या धर्मशाळेंत जावें. दात्याचें नांव कोरलेला दगड शोधून तें नांव व साल वहींत उतरून घ्यावें. आणि ह्या पैशाचा उगम कोठें, तो मिळवितांना कोणाचे हात राबले व कोणास किंमत मोजावी लागली, हें ग्रंथालयांत बसून शोधावें. उत्तर मिळण्यास पांच तासांहून अधिक वेळ लागेल. परंतु तेथें परतीचें विमान सुटण्याची भीति नसते.